यजमान चर्चे आणि परभाषी मंडळ्या : इंग्लंडमधील ‘परकीय मंडळ्यां’चा भाषाशास्त्रीय विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

मराठी ख्रिस्ती परिभाषेत उपासनेसाठी एकत्र येणाऱ्या समुदायाला ‘मंडळी’ म्हणतात, तर ज्या वास्तूत ती एकत्र येते तिला सामान्यतः ‘चर्च’ म्हणतात. हा भेद प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. देशांतर करून आलेल्या ख्रिस्ती लोकांना नव्या गावी प्रथम वास्तूची गरज भासते. वास्तू स्थानिक चर्चच्या ताब्यात असते, आणि येणारी मंडळी स्वतःची भाषा व स्वतःचा उपासनाविधी घेऊन आलेली असते. स्थानिक चर्चने रविवारी दुपारी रिकामे असलेले सभागृह परभाषी मंडळीला वापरू दिले, म्हणजे दोघांमध्ये भागीदारी निर्माण झाली, असे समजण्याचा प्रघात आहे. वस्तुतः तेथे भागीदारीची केवळ शक्यता निर्माण होते. ती शक्यता प्रत्यक्षात येते की नाही, हे भाषेविषयीच्या तीन प्रश्नांवर अवलंबून असते, असे दाखविण्याचा ह्या लेखात प्रयत्न केला आहे. उपासनेची भाषा कोणी ठरवावयाची? कारभाराची भाषा कोणती असावयाची? आणि मंडळीत जन्मलेल्या मुलांची भाषा बदलू लागली म्हणजे ती मुले कोणाची मानावयाची?

ह्या प्रश्नांचा अभ्यास करण्यास इंग्लंडचे उदाहरण सोयीचे आहे. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून तेथे डच, फ्रेंच व इटालियन भाषिक प्रॉटेस्टंट निर्वासितांच्या मंडळ्या स्थापन झाल्या. इंग्रज त्यांना ‘स्ट्रेंजर’ म्हणजे परकीय, परदेशांत जन्मलेले लोक म्हणत, आणि त्यांच्या मंडळ्या इतिहासात ‘परकीय मंडळ्या’ म्हणूनच ओळखल्या जातात. त्यांच्यापैकी काहींची परंपरा आजतागायत टिकून आहे. चार शतकांहून अधिक काळाचा असा सलग पुरावा अन्यत्र क्वचितच मिळतो.

२. १५५० ची सनद

लंडनमधील ऑगस्टिनियन भिक्षूंचा ‘ऑस्टिन फ्रायर्स’ हा मठ १५३८ मध्ये विसर्जित झाला होता. २४ जुलै १५५० रोजी सहाव्या एडवर्ड राजाने एका सनदेन्वये त्या मठाचे चर्च जर्मन व इतर परकीयांच्या मंडळीस दिले. पोलंडमधील सरदार घराण्यातला धर्मसुधारक यान वास्की (लॅटिन लेखनात ‘आ लास्को’) ह्याची अधीक्षक म्हणून व त्याच्या हाताखाली चार पाळकांची नेमणूक झाली. त्या काळी ‘जर्मन’ ह्या नावात डचभाषिकांचाही समावेश होत असे. ह्या मंडळीत डचभाषिकच बहुसंख्य होते. फ्रेंचभाषिकांनी लवकरच जवळच्या थ्रेडनीडल स्ट्रीटवरील सेंट अँटनीच्या प्रार्थनामंदिरात आपली वेगळी उपासना सुरू केली.

सनदेतील दोन तरतुदी विशेष लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, अधीक्षक व पाळक ह्यांना मिळून कायद्याच्या दृष्टीने एक संस्था मानण्यात आले. दुसरी तरतूद अधिक धाडसाची होती. ह्या मंडळीचे विधी व शिस्त राज्यातील प्रचलित विधींशी जुळत नसली, तरी बिशप, लंडनचा मेयर आणि इतर अधिकारी ह्यांनी तिला आपल्या पद्धतीने वागू द्यावे, अशी स्पष्ट आज्ञा तीत होती. इंग्लंडात त्याच सुमारास सर्व प्रजेसाठी एकच प्रार्थनासंग्रह सक्तीचा झालेला होता, हे ध्यानात घेता ही सवलत किती मोठी होती याची कल्पना येईल.

ही सवलत केवळ औदार्यातून दिली गेली, असे मात्र नव्हे. विस्कळित निर्वासितांमध्ये अ‍ॅनाबॅप्टिस्टांसारखे पंथ पसरू नयेत, आणि परकीयांवर त्यांच्याच भाषेतून देखरेख ठेवणारी संस्था असावी, हा हेतूही तीमागे होता. आश्रय देणाऱ्याचा स्वार्थ आणि आश्रिताचे स्वातंत्र्य ही येथे एकाच दस्तऐवजात गुंफलेली आहेत. पुढील इतिहासातही ती सहसा एकमेकांपासून वेगळी काढता येत नाहीत.

३. ‘आपली’ भाषा म्हणजे कोणती?

परभाषी मंडळीला तिच्या भाषेत उपासना करू द्यावी, असे म्हणणे सोपे असते. परंतु तिची भाषा कोणती, हे ठरविणे तितके सोपे नसते. ऑस्टिन फ्रायर्समध्ये फ्लँडर्स, ब्राबांट, हॉलंड आणि उत्तर जर्मनीचा पश्चिम भाग अशा अनेक प्रांतांतील लोक एकत्र आले होते. त्यांच्या बोली परस्परांना कमीअधिक प्रमाणात समजत. परंतु सर्वांना मान्य अशी प्रमाण डच भाषा तेव्हा अस्तित्वात आलेली नव्हती. ह्या मंडळीतील एक वडील, गेंट शहराचा यान उटेनहोव्ह, ह्याने स्तोत्रांची व पुढे नव्या कराराची भाषांतरे केली. १५५६ मध्ये एम्डेन येथे छापलेल्या नव्या कराराच्या भाषांतरात त्याने पूर्वेकडील व पश्चिमेकडील बोलींची रूपे एकत्र करून सर्वांना चालेल अशी एक मिश्र भाषा घडविण्याचा प्रयत्न केला. परिणाम उलटाच झाला. ती भाषा कोणाच्याच तोंडची नसल्यामुळे सर्वांनाच परकी वाटली, आणि ते भाषांतर वाचकांनी स्वीकारले नाही. सर्वांची भाषा घडवू पाहणाऱ्याच्या हातून कोणाचीच नसलेली भाषा घडते, ह्याचे हे बोलके उदाहरण आहे.

फ्रेंचभाषिक मंडळ्यांची स्थिती वेगळी होती. लील, तूर्ने, व्हालांसियेन ह्या परिसरातून आलेल्या विणकऱ्यांना इंग्लंडात ‘वालून’ म्हणत. त्यांची घरची बोली पिकार्ड किंवा वालून वळणाची असे. उपासनेची भाषा मात्र जिनीव्हाच्या बायबलची व छंदोबद्ध स्तोत्रांची प्रमाण फ्रेंच होती. चार्ल्स फर्ग्युसनने १९५९ मध्ये ज्या द्विस्तरीय भाषाव्यवहाराचे विवेचन केले, त्याच्याशी ह्या स्थितीचे साम्य आहे. घरातील व्यवहार एका स्तरावर चालतो आणि पवित्र व औपचारिक व्यवहार दुसऱ्या स्तरावर. अशा समाजात उपासनेची भाषा मुलांना केवळ आईच्या तोंडून मिळत नाही. ती शाळेत व मंडळीत शिकवावी लागते. म्हणूनच ह्या मंडळ्यांनी शाळांसाठी धडपड केली. कँटरबरीला तर कॅथीड्रलच्या तळघरातच उपासना आणि शाळा दोन्ही चालत.

भाषेचा प्रश्न केवळ भावनेचा नव्हता, हे आणखी एका प्रथेवरून दिसून येते. लंडनच्या डच मंडळीत आठवड्यातील एका दिवशी रविवारच्या प्रवचनांविषयी सभासदांनी उपस्थित केलेल्या शंकांची चर्चा होत असे, आणि पाळकांना उत्तरे द्यावी लागत. प्रवचन ऐकण्यास परभाषेचे बेताचे ज्ञान पुरते. पाळकाला प्रश्न विचारण्यास ते पुरत नाही. आपल्या भाषेतील उपासनेचा हक्क हा अशा रीतीने प्रश्न विचारण्याचा हक्क ठरतो. भागीदारीच्या चर्चेत हा मुद्दा बहुधा निसटतो. परभाषी लोकांना आमची उपासना समजते, तेव्हा वेगळी उपासना कशासाठी, असे यजमान विचारतात. समजणे आणि बोलणे ह्यांत जे अंतर आहे, ते त्यांच्या लक्षात येत नाही.

४. यजमान पाहुणे होतात

१५५३ मध्ये एडवर्ड मरण पावला व कॅथॉलिक पंथाची मेरी राणी झाली. वास्की सुमारे १७५ अनुयायांसह जहाजाने डेन्मार्कला गेला; परंतु प्रभुभोजनाच्या अर्थाविषयी मतभेद असल्यामुळे तेथील लूथरपंथीयांनी त्यांना आश्रय नाकारला. भर हिवाळ्यात बाल्टिक किनाऱ्यावरील शहरांतून भटकत ही मंडळी अखेर एम्डेनला पोहोचली.

ह्याच काळात इंग्रज प्रॉटेस्टंटही देशोधडीला लागले. १५५४ मध्ये त्यांचा एक गट फ्रँकफुर्टला गेला. तेथील नगराधिकाऱ्यांनी त्यांना ‘श्वेतवस्त्रधारी भगिनीं’चे चर्च वापरण्यास दिले; परंतु ते आधीच एका फ्रेंचभाषिक मंडळीकडे होते. ह्या मंडळीचा पाळक व्हालेराँ पूलँ हा काही वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये ग्लास्टनबरी येथे वालून विणकऱ्यांच्या वसाहतीचा पाळक होता. इंग्लंडने ज्याला आश्रय दिला होता त्याच्याच चर्चमध्ये आता इंग्रज पाहुणे झाले. सिद्धान्त व विधी ह्यांत फ्रेंच मंडळीपासून फारकत घेऊ नये, अशी अट त्यांना घालण्यात आली. ह्या अटीचा अर्थ कसा करावयाचा आणि इंग्रजी प्रार्थनासंग्रह कितपत वापरावयाचा, ह्यावरून इंग्रजांमध्येच तीव्र कलह झाला, आणि १५५५ मध्ये जॉन नॉक्सला ते शहर सोडावे लागले. आपली उपासना आपल्या देशातल्यासारखीच दिसली पाहिजे, हा आग्रह परदेशात पाऊल ठेवताच किती तीव्र होतो, ह्याचा अनुभव इंग्रजांना अशा रीतीने प्रत्यक्ष आला.

१५५८ मध्ये एलिझाबेथ गादीवर आल्यानंतर परतलेल्यांत एडमंड ग्रिंडल हा होता. त्याने निर्वासिताचा काळ स्ट्रासबुर्ग व परिसरात काढला होता. तो लंडनचा बिशप झाला आणि १५६० मध्ये परकीय मंडळ्यांचे अधीक्षकपद त्याच्याकडे आले. एडवर्डची सनद जशीच्या तशी पुन्हा अमलात आली नाही. परकी अधीक्षकाऐवजी इंग्रज बिशप नेमला गेला, हा संकोचच होता. तथापि ग्रिंडलने मंडळ्यांच्या भाषेत, विधींत किंवा अंतर्गत शिस्तीत हात घातला नाही. वाद आपसात मिटेनासा झाला म्हणजे त्याच्याकडे यावयाचे, आणि सरकारदरबारी त्याने मंडळ्यांच्या वतीने बोलावयाचे, असा व्यवहार रूढ झाला. त्याला स्वतःला पाहुणेपणाचा अनुभव होता, ही गोष्ट येथे उपेक्षणीय नाही.

५. कारभाराची भाषा आणि तिची किंमत

एलिझाबेथच्या काळात ह्या व्यवस्थेला निश्चित आकार आला. पाळक, वडील व डीकन ह्यांची सभा प्रत्येक मंडळीचा कारभार पाही. तिचे वृत्तान्त त्या त्या मंडळीच्या भाषेत, ऑस्टिन फ्रायर्सला डचमध्ये व थ्रेडनीडल स्ट्रीटला फ्रेंचमध्ये, लिहिले जात. लंडनमधील डच, फ्रेंच व इटालियन मंडळ्यांचे प्रतिनिधी ‘सीटस’ नावाच्या संयुक्त सभेत एकत्र येऊन समान प्रश्नांचा विचार करीत. यजमान चर्चशी बोलणे करण्यापूर्वी पाहुण्यांना आपसात बोलता येईल अशी ही जागा होती, आणि ती टिकाऊ ठरली.

मंडळ्यांच्या कारभारातील सर्वांत महत्त्वाचे काम गरिबांचे होते. आपले दरिद्री, आजारी व विधवा ह्यांचा भार स्थानिक पॅरिशवर न टाकता मंडळीने स्वतः उचलावा, अशी अपेक्षा होती आणि ती बऱ्याच अंशी पाळली गेली. यजमानांच्या दृष्टीने परकीय मंडळीच्या अस्तित्वाचे हे सर्वांत पटण्याजोगे समर्थन होते.

लंडनबाहेर नॉरिचचे उदाहरण उद्‌बोधक आहे. तेथील कापडधंदा बसला होता. म्हणून १५६५ मध्ये नगराने राजाज्ञा मिळवून ३० कारागीर कुटुंबांना—२४ डच व ६ वालून, मिळून सुमारे ३०० माणसांना—बोलावून घेतले. १५७१ च्या मोजणीत परकीयांची संख्या सुमारे ४,००० भरली. मंडळ्यांना जुन्या धार्मिक वास्तूंत जागा मिळाल्या, आणि त्यांच्याबरोबर आलेल्या आंतोनी द सोलेम्न ह्याने नॉरिचमधील पहिला छापखाना काढून १५६८ मध्ये डच स्तोत्रे छापली. एका इंग्रजी नगरातील मुद्रणाचा आरंभ परभाषेतील उपासनापुस्तकाच्या गरजेतून व्हावा, ही घटना लक्षणीय आहे. तिच्याच शेजारी दुसरी घटना ठेवली पाहिजे. १५७० मध्ये त्याच नगरात परकीयांना हाकलून देण्याचा कट झाला व त्यात सामील असलेल्यांना देहान्त शासन झाले.

ह्या व्यवस्थेची किंमत पाहुण्यांनाही द्यावी लागली. मंडळी ही आश्रयस्थान होती तशीच ती नोंदवहीही होती. परकीयांची मोजणी करताना, तुम्ही कोणत्या चर्चला जाता, असे विचारले जाई. १५७३ च्या लंडनमधील मोजणीत सात हजारांहून अधिक परकीयांपैकी अडीच हजारांवर लोकांनी, आपण केवळ कामधंद्यासाठी आलो, असे कबूल केले. म्हणजे धर्मासाठी देशत्याग करणारा आणि पोटासाठी करणारा असा भेद शासन मंडळीच्या सभासदत्वावरून करू पाहत होते. जो मंडळीत नाही तो संशयित ठरे. जो मंडळीत आहे तो तिच्या वडिलांच्या शिस्तीत बांधला जाई. आणि रोष उसळला म्हणजे मंडळीची वास्तूच त्याचे लक्ष्य होई. मे १५९३ मध्ये परकीयांना धमकावणारी पद्ये लोकांना दिसावीत म्हणून लावण्यात आली, ती ऑस्टिन फ्रायर्सच्या डच चर्चच्या भिंतीवरच.

६. मुलांचा प्रश्न : लॉडचे आदेश

ह्या सर्व अडचणींतून व्यवस्था टिकली. तिला सर्वांत मोठा हादरा बसला तो मुलांच्या प्रश्नावरून. १६३३ मध्ये विल्यम लॉड कँटरबरीचा आर्चबिशप झाला. पुढच्याच वर्षी त्याने केंटमधील तीन परकीय मंडळ्यांपुढे—कँटरबरीची वालून, सँडविचची डच व मेडस्टनची डच—तीन प्रश्न ठेवले. तुम्ही कोणता उपासनाविधी वापरता? तुमच्यापैकी किती जण इंग्लंडात जन्मलेले आहेत? असे इंग्लंडात जन्मलेले लोक इंग्रजी चर्चच्या विधीस मान्यता देतील काय? पाठोपाठ आदेश निघाला. इंग्लंडात जन्मलेल्यांनी आपापल्या पॅरिशच्या चर्चला जावे. परदेशांत जन्मलेल्यांनी आपल्या भाषेत उपासना चालू ठेवावी, परंतु इंग्रजी प्रार्थनासंग्रहाचे भाषांतर वापरून.

लॉडची बाजू अगदीच निराधार होती, असे म्हणता येणार नाही. एकाच राज्यात दोन विधी चालले तर इंग्रज प्युरिटन तोच दाखला देऊन सवलत मागतील, ही त्याची भीती खरी होती. पिढ्यान्‌पिढ्या येथे जन्मणाऱ्यांना परकीय किती काळ म्हणावयाचे, हा प्रश्नही रास्त होता. चूक प्रश्नात नव्हती; चूक निकषात होती. लॉडने जन्मस्थळ हाच भाषेचा व निष्ठेचा पुरावा मानला. परंतु कँटरबरीत वालून विणकऱ्याच्या घरी जन्मलेले मूल कायद्याने इंग्लंडचे असले, तरी मागावर बसलेल्या बापाशी ते इंग्रजीत बोलत नव्हते. कायद्याची वर्गवारी आणि भाषेची वर्गवारी एकमेकींवर बसत नव्हत्या, आणि आदेशाने भाषेला कायद्याप्रमाणे वागण्यास सांगितले होते.

मंडळ्यांचे उत्तर भावनेपेक्षा हिशेबावर आधारलेले होते. आमच्यातील मोठा भाग येथेच जन्मलेल्यांचा आहे. ते गेले तर पाळकाचे वेतन आणि गरिबांचा निधी दोन्ही बुडतील, आणि आमचे गरीब तुमच्या पॅरिशच्या गळ्यात पडतील, असे त्यांनी सांगितले. पुढे तडजोड निघाली, ती अशी की, येथे जन्मलेल्यांनी उपासना पॅरिशमध्ये करावी, परंतु वर्गणी जुन्या मंडळीला देत राहावी. एका कुटुंबात बापाने एका चर्चमध्ये व मुलाने दुसऱ्या चर्चमध्ये प्रार्थना करावी आणि खर्च मात्र एकत्र करावा, अशी ही व्यवस्था होती. भागीदारीचा आर्थिक सांगाडा टिकवून तिचा प्राण काढून घेण्याचा प्रकार ह्याहून स्पष्ट सापडणार नाही. लॉडचा अधिकार १६४० नंतर संपुष्टात आला, आणि त्याच्यावर ठेवलेल्या आरोपांत परकीय मंडळ्यांवरील हे आघातही समाविष्ट होते. १६४५ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला.

७. सक्तीने न झालेले, काळाने झालेले

राजसत्तेच्या पुनःस्थापनेनंतर लंडनमध्ये दोन नमुने शेजारी शेजारी उभे राहिले. थ्रेडनीडल स्ट्रीटची मंडळी आपल्या जुन्या पद्धतीने उपासना करीत राहिली. १६६२ च्या एकरूपतेच्या कायद्यात परकीय मंडळ्यांना सूट होती. दुसरीकडे १६६१ मध्ये सव्हॉय येथे दुसऱ्या चार्ल्सच्या संमतीने एक नवी फ्रेंच मंडळी सुरू झाली. तिने इंग्रजी प्रार्थनासंग्रह फ्रेंच भाषांतरात स्वीकारला. येथे भाषा पाहुण्यांची होती व विधी यजमानांचा. लॉडने सक्तीने जे घडवू पाहिले, त्यातील अर्धा भाग येथे काही लोकांनी स्वेच्छेने पत्करला, आणि म्हणूनच तो चालला.

१६८५ मध्ये नँटची राजाज्ञा रद्द झाल्यावर फ्रान्समधून ह्यूगेनॉटांचा लोंढा आला. इंग्लंडात आलेल्यांची संख्या सामान्यतः ४० ते ५० हजार मानतात. फ्रेंचमधून आलेला ‘रेफ्यूजी’ हा शब्द इंग्रजीत रुळला तो ह्याच सुमारास. १७०० च्या आसपास लंडन परिसरात वीसहून अधिक फ्रेंच मंडळ्या होत्या, त्यांपैकी काही सव्हॉयच्या वळणाच्या व काही थ्रेडनीडलच्या. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्यांतील बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्या. ह्यात कोणाचा आदेश कारणीभूत नव्हता. आंतरविवाह, धंद्यातील इंग्रजीचा वापर आणि शाळा ह्यांनी मुलांची भाषा बदलली, आणि ती मुले आपणहून पॅरिशच्या चर्चकडे वळली. लॉडला जे एका वर्षात हवे होते ते शतकभरात घडले. फरक इतकाच की, ते घडले तेव्हा कोणाचे घर मोडले नाही.

अमेरिकेतील नॉर्वेजियन भाषेवरील १९५३ च्या आपल्या ग्रंथात आयनार हाउगेनने दाखविले आहे की, स्थलांतरितांची भाषा बाजारातून प्रथम जाते आणि चर्चमधून सर्वांत शेवटी. इंग्लंडचा पुरावा ह्याला दुजोरा देतो, परंतु एक पुरवणीही जोडतो. चर्चमधून भाषा गेली तरी मंडळी जाईलच असे नाही. लंडनच्या फ्रेंच मंडळीची वास्तू १८९३ पासून सोहो स्क्वेअरमध्ये आहे. ऑस्टिन फ्रायर्सचे जुने चर्च १९४० च्या बाँबहल्ल्यात नष्ट झाले. डच मंडळीने त्याच जागी नवे बांधले व १९५४ मध्ये ते पूर्ण झाले. कँटरबरी कॅथीड्रलच्या तळघरातील फ्रेंच उपासनेची परंपरा चार शतकांहून अधिक जुनी आहे. वर इंग्रजी आणि खाली फ्रेंच, अशी ही व्यवस्था एकाच छपराखाली नांदत आली आहे.

८. आजचे दोन मार्ग

युरोपात गेल्या काही दशकांत आफ्रिका व आशियातून आलेल्या ख्रिस्ती लोकांमुळे हाच प्रश्न नव्याने उभा राहिला आहे. त्याला दोन प्रकारची उत्तरे दिली जात आहेत. नेदरलँड्समध्ये स्थलांतरितांच्या मंडळ्या आपापली भाषा व कारभार राखून आहेत, आणि १९९७ मध्ये त्यांनी स्वतःची एक संयुक्त संघटना उभारली. तिच्या नावाचा अर्थ ‘नेदरलँड्समध्ये एकत्र चर्च’ असा होतो. लंडनच्या ‘सीटस’ची आठवण करून देणारा हा मार्ग आहे. ज्या डच लोकांनी कधी लंडनमध्ये जागा मागितली, त्यांच्याच देशात आज इतरांना जागा मागावी लागते, हा इतिहासाचा फेरा अभ्यासकाच्या नजरेतून सुटू नये.

दुसरा मार्ग इटलीतील वाल्डेन्सियन व मेथडिस्ट चर्चांनी स्वीकारला आहे. वाल्डेन्सियन लोकांना स्वतःच्या देशात शतकानुशतके छळ सोसावा लागला. नागरी हक्क त्यांना १८४८ मध्येच मिळाले. विसाव्या शतकाच्या अखेरीस घाना व इतर आफ्रिकी देशांतील प्रॉटेस्टंट तेथे आले, तेव्हा त्यांच्यासाठी वेगळ्या मंडळ्या न काढता एकाच मंडळीत सर्वांनी राहावे, असे धोरण ह्या चर्चांनी ठरविले. त्या उपक्रमाच्या नावाचा अर्थ ‘एकत्र मिळून चर्च होणे’ असा आहे. हे ध्येय उदात्त आहे. परंतु भाषेचा भार त्यात प्रत्येक रविवारी उचलावा लागतो. प्रवचन कोणत्या भाषेत, गीते कोणाच्या चालीवर, सभेतील चर्चेचा अनुवाद कोणी करावयाचा, हे प्रश्न कायमचे सुटत नाहीत. भाषांतरित उपासना दुप्पट वेळ घेते, आणि ज्याची भाषा प्रथम बोलली जाते तोच नकळत यजमान ठरतो. वडिलांच्या सभेत स्थलांतरित निवडून आले तरी तेथील चर्चा इटालियनमध्येच वेगाने चालली, तर ते केवळ उपस्थित राहतात. ऑस्टिन फ्रायर्समधील प्रश्न विचारण्याचा हक्क येथे पुन्हा आठवावा लागतो.

दोन्ही मार्गांत धोका आहे. पहिल्या मार्गात शेजार राहतो, परंतु ओळख होत नाही. जागेचे भाडे वेळेवर दिले म्हणजे संबंध संपतो. दुसऱ्यात ओळख होते, परंतु दुबळ्या भाषेचा आवाज क्षीण होतो. इंग्लंडचा इतिहास ह्यांपैकी एकाची निवड करून देत नाही. थ्रेडनीडल स्ट्रीट व सव्हॉय दोन्ही टिकले, ते दोन्ही स्वेच्छेचे होते म्हणून.

९. उपसंहार

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतील. पहिला असा की, जागा देणे ही भागीदारीची पूर्वअट आहे, स्वतः भागीदारी नव्हे. दुसरा असा की, टिकलेल्या प्रत्येक व्यवस्थेत तीन गोष्टी आढळतात : पाहुण्यांच्या हक्कांचा लेखी आधार, त्यांच्या भाषेत चालणारा त्यांचा कारभार, आणि दोन्ही पक्षांना नियमितपणे बोलता येईल अशी एखादी सभा किंवा व्यक्ती. तिसरा निष्कर्ष भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला विशेष विचारार्ह वाटावा. भागीदारीची खरी कसोटी पहिल्या पिढीत लागत नाही. पहिली पिढी कृतज्ञ असते आणि यजमान उदार असतात. कसोटी लागते ती त्या पिढीची मुले कोणत्या भाषेत प्रार्थना करू लागतात तेव्हा. आणि त्या वेळी जो पक्ष मुलांवर हक्क सांगतो तो भागीदारी मोडतो, मग तो पक्ष आर्चबिशपचा असो की मंडळीच्या वडिलांचा.

हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. मुंबईतील अनेक चर्चांच्या दर्शनी फलकावर रविवारच्या उपासनेच्या वेळा इंग्रजी, मराठी, कोंकणी, तमिळ, मलयाळम अशा निरनिराळ्या भाषांनिशी दिलेल्या आढळतात. येथे पाहुणे परदेशांतून नव्हे, परप्रांतांतून आलेले आहेत, आणि कोण यजमान व कोण पाहुणा हे ठरविणे कित्येकदा कठीण आहे. त्या फलकावरील वेळा पिढीगणिक कशा बदलल्या, कोणती भाषा सकाळच्या मुख्य वेळेवरून दुपारकडे सरकली, वडिलांच्या सभेची इतिवृत्ते कोणत्या साली कोणत्या भाषेत गेली, आणि मुलांचे रविवारचे वर्ग कोणत्या भाषेत भरतात, ह्यांची पद्धतशीर नोंद झाल्यास शहरातील भाषांतराचा, म्हणजे एका भाषेकडून दुसरीकडे होणाऱ्या समाजाच्या संक्रमणाचा, एक विश्वसनीय आलेख हाती येईल. जुनी इतिवृत्ते अनेक ठिकाणी कपाटांत पडून आहेत. वाळवी लागण्यापूर्वी ती वाचली गेली पाहिजेत. आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी कोणी हे काम हाती घेतल्यास त्याने प्रथम फलक पाहावा, मग इतिवृत्ते वाचावीत, आणि शेवटी उपासना संपल्यावर बाहेर खेळणारी मुले आपसात कोणत्या भाषेत भांडतात, ते ऐकावे.